राबाची पांढरी राख आणि तुसाचा काळा कोळसा

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. त्या सुमारास चारोटीच्या नाक्यावरून कासा, डहाणू अथवा तलासरीकडे निघालेल्या वाटसरूस खाचरांतून व उतारांवरून ठिकठिकाणी धूर उठताना दिसतो. हा धूर राबाचा होय. भाताच्या रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर झाडांची टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर द्यावयाचे, वर मातीचा पातळ हात फिरवावयाचा आणि वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवून तो भर सावकाश जळू द्यावयाचा, ही या भागातील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पहिला पाऊस पडला की त्याच भाजलेल्या मातीत बी फेकले जाते.

शेतीचे शिक्षण घेऊन गावात आलेल्या कार्यकर्त्यांची राबाविषयीची वृत्ती बहुधा तुच्छतेची असते. राब म्हणजे अडाणीपणा, राब म्हणजे जंगलाचा नाश, असे दोन शब्दांत सांगून ते मोकळे होतात. ही वृत्ती योग्य नव्हे. ज्या रिवाजाने शेकडो वर्षे रोप तगविले, त्यामागे काही कारण असणारच. राबाच्या उष्णतेने वरच्या थरातील तणाचे बी मरते. राखेतून पालाश, चुना व थोडेफार स्फुरद रोपाला मिळते. भाजलेली माती भुसभुशीत होते व रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. डहाणू-तलासरीच्या धुवांधार पावसात, खुरपणीस उसंत नसताना, तणाविना वाढलेले रोप हाती येणे ही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला व राबाचा प्रश्न त्याच्यापुढे प्रामुख्याने आला. जंगलाजवळ राहणारा शेतकरी केवळ हट्टाने सरकारशी भांडत नव्हता. त्याच्या भाताचे रोपच त्या टहाळावर अवलंबून होते.

असे असले तरी आज राबाचा हिशेब तोट्याचा झाला आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पूर्वी शेताच्या कडेला टहाळ मिळे, आता ते दूरवरून आणावे लागते. हे भारे बहुतेक ठिकाणी स्त्रिया डोक्यावरून वाहतात, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही. ऐन, किंजळ यांसारखी झाडे वरचेवर छाटली गेल्याने खुंटासारखी उभी राहतात. जो पाला व जे शेण कुजून जमिनीत कर्ब वाढवू शकले असते, ते सारे आकाशात जाते. खाली उरते ती पांढरी राख. तिच्यातील पालाश पाण्यात चटकन विरघळतो आणि मृगाच्या पहिल्या दोन-चार जोरदार सरींत त्याचा मोठा भाग उतारावरून ओहोळात, ओहोळातून सूर्या नदीत वाहून जातो. एवढ्या श्रमाचे फळ इतक्या थोड्या दिवसांत पाण्याबरोबर जावे, हे खेदजनक आहे.

राबाला पर्याय शोधण्याचा प्रयत्न नवा नाही. जपानी भातशेतीच्या पद्धतीचे पहिले प्रयोग मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले आणि १९५३ साली तिची देशव्यापी मोहीम सुरू झाली. उंच गादीवाफे, विरळ पेरणी, ओळीतील लावणी व भरपूर खत ही त्या पद्धतीची अंगे होती. गादीवाफा बऱ्याच ठिकाणी रुजला, परंतु डोंगराच्या कुशीतील गावांत राब टिकून राहिला. याचे एक कारण असे की, राख काढून घेतली तर तिच्या जागी काय घालावयाचे याचे उत्तर गरीब शेतकऱ्याला परवडेल अशा रूपात कोणी दिले नाही. कंपोस्ट घाला, असे सांगणे सोपे असते. ज्याच्या दारात दोन बैल व एक गाय आहे, त्याचे शेण किती ठिकाणी पुरणार?

ते उत्तर पुढे चारसूत्री भातशेतीने दिले. डॉ. एन. के. सावंत यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचा कोकणात बराच प्रसार झाला आहे. तिच्या चार सूत्रांपैकी गिरिपुष्पाच्या पाल्याचा वापर, नियंत्रित लावणी व युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणे ही तीन सूत्रे कार्यकर्त्यांच्या तोंडी असतात. पहिले सूत्र मात्र पुष्कळदा घाईने उरकले जाते. ते आहे भाताच्या अवशेषांचा फेरवापर. त्यात लावणीच्या शेतात पेंढा गाडावयाचा आणि रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख बी पेरण्यापूर्वी मातीत मिसळावयाची, असे सांगितले आहे. येथे ‘काळी’ या शब्दाला सारे महत्त्व आहे. कार्यकर्ता हा शब्द गाळतो, शेतकरी चुलीतली अथवा भट्टीतली पांढरी राख आणून टाकतो, आणि अपेक्षित फळ न मिळाल्यावर पद्धतीला दोष दिला जातो.

काळी राख ही खरे पाहता राख नव्हेच. तो तुसाचा कोळसा होय. वनस्पतीचा कोणताही भाग मोकळ्या हवेत जाळला तर त्यातील कर्ब वायुरूपाने निघून जातो व केवळ खनिजे उरतात, तीच पांढरी राख. हवा अपुरी ठेवून तापविला तर पाणी, धूर व तेलकट अंश निघून जातात, परंतु कर्बाचा सांगाडा जागच्या जागी राहतो. जिवंतपणी ज्या नळ्यांतून पाणी चढत होते, ज्या पेशींत रस साठत होता, त्यांच्या भिंती कोळशाच्या होऊन उभ्या राहतात. म्हणून कोळसा वजनाला हलका, आतून पोकळ व असंख्य छिद्रांचा असतो. या छिद्रांत पाणी थांबते आणि त्यांच्या भिंतींना शेणमुतातील अमोनिया व इतर अन्नद्रव्ये धरून राहतात. तुसात याखेरीज सिलिका विपुल असते. भाताचे पीक जमिनीतून सिलिका मोठ्या प्रमाणावर उचलते, तिच्यामुळे ताट कणखर होते व खोडकिडा आणि करपा यांना तोंड देण्याची रोपाची शक्ती वाढते. मंद आचेवर झालेल्या काळ्या तुसातील सिलिका पिकाला सुलभतेने मिळते, तर फार तापून पांढऱ्या झालेल्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊन घट्ट बसते. तेव्हा काळ्या-पांढऱ्यातील भेद केवळ रंगाचा नाही.

या सच्छिद्र कर्बाविषयी जगभर जे संशोधन चालू आहे, त्याची थोडी ओळख गावापर्यंत पोचणे इष्ट आहे. नारळाच्या करवंटीचा कोळसा आठशे-नऊशे अंश उष्णतेवर वाफेच्या झोतात ठेवला की त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशातील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे क्षेत्र व्यापले जाईल! पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत असाच कोळसा भरत असत, आणि अमेरिकेत १९१८ साली त्यासाठी पीच फळांच्या कोयी घरोघरून गोळा करण्यात आल्या होत्या. आज तो पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत, औषधांत व सोने काढण्याच्या उद्योगात वापरला जातो. याही पुढची पायरी म्हणजे कर्बाच्या सूक्ष्म गोळ्या. साखरेचे अथवा पिष्टाचे पाणी बंद पोलादी भांड्यात सुमारे १८० ते २०० अंशांवर काही तास तापविले असता त्यातील साखरेचे पाणी सुटून कर्बयुक्त कण जमू लागतात आणि ते आपोआप वाटोळे होतात. या गोळ्या केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असतात. त्या पुन्हा हवेविना तीव्र उष्णतेवर तापवून सच्छिद्र करतात व त्यांचा उपयोग विजेचे संचय-घट, गाळण्या व रासायनिक क्रियांचे आधारद्रव्य म्हणून करण्याचे प्रयत्न चालले आहेत. वनस्पतिजन्य पदार्थांपासून कर्बाची विविध रूपे घडविण्याच्या कामात मुंबईही मागे राहिलेली नाही. पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील महेश्वर शरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवघरातील कापरापासून कर्बाचे पोकळ चेंडूसारखे रेणू मिळविल्याचे १९९४ साली प्रसिद्ध केले होते.

ही माहिती कानी पडताच काही उत्साही मंडळी गावोगाव ‘कार्बनचा कारखाना’ काढण्याच्या गोष्टी बोलू लागतात, करवंट्या व तूस यांतून सोने निघेल अशी आशा लावतात आणि क्वचित आगाऊ रकमाही गोळा करतात. अशा बोलण्यास भुलू नये. वाफेची भट्टी, दाब सहन करणारी भांडी, प्रत्येक घाण्याची परीक्षा व एकसारख्या मालाचा वर्षभर पुरवठा ही कारखान्याची अंगे आहेत. ज्या राज्यांत नारळाचा मोठा व्यापार आहे तेथे ते चालते. चारोटीच्या आसपासच्या शेतकऱ्याला या शास्त्राचा जो वाटा आज, बिनभांडवली मिळू शकतो, तो त्याच्या रोपाच्या वाफ्यात आहे. त्याच्या तुसाच्या कोळशात करवंटीच्या शुद्ध कोळशाइतकी छिद्रे नसतात, त्याच्या काही हिश्श्याइतकीच असतात. वाफ्याला तेवढी पुरतात.

आता तूस किती लागते ते पाहू. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, म्हणजे क्विंटलमागे वीस किलो. नीट भाजलेल्या तुसाचा कोळसा साधारण एकतृतीयांश उरतो. एक गुंठा रोपवाटिकेस अर्धा किलोच्या प्रमाणाने पन्नास किलो काळे तूस हवे, त्यासाठी दीडशे किलो तूस, आणि तेवढे तूस साडेसात क्विंटल भातातून निघेल. लहान शेतकऱ्याच्या घरच्या खाण्याच्या भातातून एक-दोन गुंठ्यांपुरती ही तजवीज होऊ शकते. ज्याने भात अखंड विकले त्याचे तूस मात्र भाताबरोबर गावाबाहेर जाते. येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. गावातील जुन्या एकदाती गिरणीत तूस, कोंडा व कणी एकत्र बाहेर पडतात आणि ते मिश्रण कोंबड्या व गुरे खातात. ते जाळणे मूर्खपणाचे ठरेल. जेथे तूस व कोंडा वेगळे काढणारी गिरणी आहे तेथेच स्वच्छ तूस मिळते, आणि तेथे बहुधा गिरणीमागे त्याचे ढीग पडून राहतात अथवा रस्त्याच्या कडेला पेटवून दिले जातात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पत्रके वाटण्याआधी अशा गिरणीवाल्याची भेट घ्यावी. दिवाळीनंतर भात गिरणीवर येऊ लागताच तूस राखून ठेवण्याचा त्याच्याशी ठराव झाला, तर निम्मे काम झाले असे समजावे.

तूस भाजण्याची रीत जपानी शेतकऱ्यांत फार दिवसांची आहे व ते असे तूस भाताच्या रोपांसाठीच वापरतात. तिला खर्च जवळपास नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याला चारही बाजूंनी खिळ्याने भोके पाडावी, वरच्या अंगास पत्र्याचे धुराडे बसवावे. मोकळ्या, गवत काढलेल्या जागेत डब्याखाली काटक्यांचा विस्तव करून त्याभोवती तूस डोंगरासारखे रचावे. आच आतून बाहेर येते. बाहेरच्या अंगाला काळे डाग दिसू लागले की फावड्याने बाहेरचे तूस आत व आतले बाहेर करीत राहावे. बहुतेक तूस काळे झाले, पण राखाडी छटा अजून आली नाही, हा क्षण साधावयाचा असतो. तो साधताच ढीग पातळ पसरून त्यावर भरपूर पाणी शिंपडावे व हात घालून खात्री करावी. वरून विझलेला दिसणारा ढीग आत धुमसत राहतो आणि सकाळी पाहावे तर सारे पांढरे! पहिल्या खेपेस असे बहुतेकांचे होते. त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. हे काम घरात अथवा बंद गोठ्यात कधीही करू नये, कारण अर्धवट जळणाऱ्या पदार्थातून निघणारा विषारी वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो. वारा सुटला असता तर मुळीच करू नये. कोरडे काळे तूस उधळताना नाकातोंडावर फडके बांधावे.

तूस न मिळणाऱ्या गावांत बांधावरील तुरीच्या काड्या, बांबूचे तुकडे, वाडीतील छाटणीच्या वाळलेल्या काटक्या आणि पाला ओरबाडून घेतल्यावर उरणाऱ्या गिरिपुष्पाच्या फांद्या यांचा उपयोग करता येईल. वर रुंद व तळाशी अरुंद असा कंबरभर खड्डा काढून तळाशी जाळ करावा. काटक्यांवर राखेची पांढरी झाक दिसू लागली की वर नवा थर टाकावा, म्हणजे वरची ज्वाला खालच्या थराला हवा पोचू देत नाही. खड्डा भरताच पाण्याने विझवून कोळसा बारीक कुटावा. त्यात तुसाएवढी सिलिका नसते, पण मातीत ओल व खत धरून ठेवण्याचे काम तो करतो.

मात्र लाकडाच्या कोळशाचे नाव काढताच या भागाला एका जुन्या दुःखाची आठवण होते, तिकडे डोळेझाक करता येणार नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात कोळशाच्या भट्ट्या म्हणजे ठेकेदाराची उचल, आणि उचल म्हणजे कातकरी व इतर आदिवासी कुटुंबांची वर्षानुवर्षांची बांधिलकी, असे समीकरणच होते. वेठीविरुद्ध १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी लढा दिला, १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला, तरी भट्टीची सावली सहजासहजी हटली नाही. म्हणून शेतीच्या कोळशाचा प्रचार करणाऱ्याने एक मर्यादा स्वतःच आखून घ्यावी. उभे झाड तोडून केलेला कोळसा शेतात घालण्यास सांगू नये, आणि कोळसा विकत घेणारा व्यापारी गावात आणू नये. शेतकऱ्याच्या कोळशाला बाजार मिळाला की पहिली कुऱ्हाड ऐनावर पडेल, आणि डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. ज्याचे तूस त्याच्या वाफ्यात, ज्याच्या काटक्या त्याच्या खड्ड्यात, एवढ्यापुरतीच ही गोष्ट राहावी हे उत्तम. काही अधिकाऱ्यांना ही मर्यादा अवास्तव वाटेल, कारण विक्री होणार नसेल तर कागदावर दाखविण्यासारखे उत्पन्न राहत नाही. पण मे महिन्यातील टहाळाचे भारे वाचले, हे उत्पन्न नव्हे काय?

काळे तूस हे संपूर्ण खत नाही, याची जाणीव शेतकऱ्यास करून देणे अगत्याचे आहे. त्यात नत्र नसल्यासारखेच असते. ताजा, कोरडा कोळसा तसाच मातीत मिसळला तर तो आरंभी मातीतील नत्र स्वतःकडे ओढतो व रोप पिवळे पडते. यासाठी तो आधी गोठ्यातील मूत्र झिरपणाऱ्या जागी पसरावा किंवा शेणकाल्यात भिजवून पंधरा दिवस सावलीत ठेवावा. गोठ्यात पसरल्याने वासही कमी होतो, ही गोष्ट घरच्या बायका प्रथम ध्यानात घेतात. कोळसा एकदा मातीत गेला की पेंढ्यासारखा कुजून संपत नाही. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात प्राचीन रहिवाशांनी चुलीचा कोळसा, हाडे व उकिरडा टाकून केलेली काळी माती शेकडो वर्षांनंतरही आजूबाजूच्या तांबड्या मातीहून सुपीक आढळते. आपल्या गादीवाफ्यालाही दरवर्षी थोडाथोडा कोळसा मिळत गेला तर वाफ्याची जागा न बदलणे हिताचे ठरेल.

राहता राहिला तणाचा प्रश्न, आणि राबाच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. काळे तूस तणाचे बी मारीत नाही. ज्यांच्याजवळ मे महिन्यात विहिरीचे अथवा कालव्याचे पाणी आहे त्यांनी वाफ्याची जागा पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे ओली करून तण उगवू द्यावे व कोवळेपणीच खुरप्याने उलटून टाकावे. ज्यांच्याजवळ पाणी नाही त्यांनी वाफ्यावर ओळीत पेरणी करावी, म्हणजे भाताचे रोप व तण ओळखू येऊन एक खुरपणी पुरते. फेकून पेरलेल्या वाफ्यात पहिल्या पंधरा दिवसांत देवधान व भात यांत फरक करणे जाणत्यालाही कठीण जाते. एवढे करूनही ज्या शेतकऱ्याचा विश्वास बसत नसेल त्याला राब एकदम सोडण्यास सांगू नये. त्याच्या तुकड्याचे दोन भाग करावे. एकात नेहमीप्रमाणे राब भाजावा, दुसऱ्यात शेणकाल्यात मुरविलेले काळे तूस घालावे, बी एकाच पोत्यातले व एकाच दिवशी पेरावे. लावणीच्या दिवशी दोन्हींतील मूठ-मूठ रोप उपटून मुळ्या धुवाव्यात आणि शेजाऱ्यांसमोर बांधावर ठेवाव्यात. कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्राकडून अशा तुलनेसाठी सल्ला घेता येईल.

शेवटी पिण्याच्या पाण्याविषयी एक सूचना. कोळसा पाणी शुद्ध करतो असे सांगितले की अनेक घरांत वाळू व कोळशाचे मडके मांडले जाते. अशा मडक्याने पाण्याचा वास, रंग व गढूळपणा कमी होतो हे खरे, परंतु त्यातील रोगजंतू मरत नाहीत, उलट बरेच दिवस न बदललेल्या कोळशात ते वाढतात. पावसाळ्यात मडक्यातून गाळलेले पाणीही उकळून अथवा त्यात क्लोरीनचे द्रावण घालूनच प्यावे, आणि जुना कोळसा काढून वाफ्याकडे न्यावा.